खालच्या टाकीची पातळी बघून वेग बदलणारा पंप : आमच्या सोसायटीतल्या व्हीएफडी पॅनेलबद्दल

विजेचं बिल वाचेल म्हणून कुणी तुमच्या सोसायटीला पंपासाठी व्हीएफडी पॅनेल (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं पॅनेल) घ्यायला सांगत असेल, तर त्याला आधी एक विचारा : आमची वरची टाकी किती उंचावर आहे, हे तुम्ही मोजलंत का? मोजलं नसेल तर कोटेशन बाजूला ठेवा. आमच्याकडे हे पॅनेल बसून एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. मला ते मनापासून आवडलं आहे आणि आमच्यासारख्या इमारतीने ते जरूर घ्यावं असं माझं मत आहे. पण ते ज्या कारणासाठी विकलं जातं ते वेगळं आणि प्रत्यक्षात ज्या कारणासाठी उपयोगी पडतं ते वेगळं. या दोन्हींची गल्लत होऊन लोकांचे पैसे वाया जाताना मी पाहते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडला शिल्प निदेशक होते. मोटर सुरू करायचे डीओएल (थेट पूर्ण वीज देणारा) आणि स्टार-डेल्टा (दोन टप्प्यांत देणारा) स्टार्टर मुलांकडून जोडून घेणं, चुकलं की खोलून पुन्हा जोडायला लावणं, हेच माझं काम होतं. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या कमिटीत वीज आणि पाणी ही दोन्ही खाती आपसूक माझ्याकडे आली.

आमची इमारत चिंचवडला आहे, तळमजला धरून आठ मजले, एका मजल्यावर चार घरं. पवनेचं पाणी रावेतला उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि तिथून आमच्याकडे येतं. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे. माणशी १३५ लिटरचा सरकारी हिशोब आणि घरटी चार माणसं धरली तर बत्तीस घरांना दोन दिवसांचे मिळून चौतीस-पस्तीस हजार लिटर लागतात, आणि ते सगळं एकाच वेळी, अडीच-तीन तासांत साठवून घ्यावं लागतं. वरच्या टाक्या आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून वाढवून घेतल्या. खालची टाकी मात्र इमारत बांधली तेव्हाची, रोज पाणी येत होतं त्या काळातली. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, सव्वा मीटर खोल. म्हणजे जेमतेम पाच हजार लिटर. पार्किंगच्या खांबांमध्ये ती अशी अडकली आहे की वाढवायला जागाच नाही.

आमच्या सगळ्या अडचणीचं मूळ या टाकीत आहे. नळाचं पाणी येत असतानाच ते वर चढवत राहावं लागतं. चढवलं नाही तर खालची टाकी भरते, बॉलकॉक बंद होतो आणि येणारं पाणी थांबतं. चढवलं तर आमचा ५ एचपीचा मोनोब्लॉक पंप मिनिटाला साडेतीनशे लिटरच्या वर उचलतो आणि नळातून येतात दोनशे, कधी दीडशे, जोर असेल तेव्हा तीनशे. पंप टाकी उपसून टाकतो, पाणी फूट व्हॉल्व्हच्या (पंपाच्या ओढनळीच्या तोंडावरच्या झडपेच्या) जवळ आलं की भोवरा पडतो, हवा ओढली जाते आणि प्रायमिंग जातं, म्हणजे पंपात भरून असलेलं पाणी निघून जातं. पहाटे पाचला वॉचमनकाका बादलीने पंपात पाणी ओतत बसलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहेत. त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती : पंधरा मिनिटं पंप चालू, पंधरा मिनिटं बंद, मधल्या वेळात टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारायचा. पाणी येण्याच्या दिवशी त्या माणसाला झोप म्हणून नव्हती.

यावर फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा, पातळीप्रमाणे चालू-बंद होणारा स्विच) लावून पंप आपोआप चालू-बंद करता येतोच, आणि आम्ही तो लावूनही पाहिला. काकांची झोप वाचली, प्रायमिंग जाणंही बरंच कमी झालं. पण टाकी लहान असल्याने पंप सारखा चालू-बंद व्हायला लागला. डीओएलवर ५ एचपीची मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट घेते, आमच्याकडे साडेसात अँपिअरच्या जागी क्षणभर पंचेचाळीसच्या आसपास. जिन्यातले दिवे मिचकायचे. आणि बंद होताना त्याहून वाईट. अठ्ठावीस मीटर उभ्या पाइपातलं पाणी वर जाता जाता एकदम थांबायचं, मागे यायचं आणि एनआरव्हीवर (पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेवर) आदळायचं. धाड! पंपरूमच्या भिंतीला लागून तळमजल्याचं घर आहे. तिथल्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या मला म्हणाल्या, “अगं, पाणी येण्याच्या दिवशी मला पहाटेपासून छातीत धडधडतं.” एनआरव्हीचा रबरही वरचेवर फाटायचा.

तेव्हा ठरवलं, की पंप चालू-बंद करण्याऐवजी पाणी जितकं येतं तितक्याच वेगाने तो चालवायचा. खालच्या टाकीत पाणी वाढलं की पंप जोरात, कमी झालं की हळू. मोटरचा वेग बदलायचा तर तिला मिळणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलावी लागते आणि ते काम व्हीएफडी करतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ड्राइव्ह, म्हणजे हा व्हीएफडीच, ती आधी डीसी करतो आणि तिच्यातून पाहिजे त्या हर्ट्झची थ्री फेज पुन्हा तयार करतो.

पॅनेल आम्ही भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या पॅनेलवाल्याकडून बनवून घेतलं. नाव लिहीत नाही, कारण मला त्यांच्याबद्दल चांगलंही सांगायचं आहे आणि वाईटही, आणि अशा कामात अनुभव कंपनीपेक्षा जोडणाऱ्या माणसावर जास्त अवलंबून असतो. ड्राइव्ह, लेव्हल ट्रान्समीटर (टाकीतली पातळी मोजून सांगणारा सेन्सर), बायपास स्टार्टर (ड्राइव्ह बंद पडला तर पंप थेट चालवणारा), केबल आणि बसवण्याची मजुरी, जीएसटी धरून अठ्ठ्याहत्तर हजार रुपये गेले. जुना पंप आणि जुनी मोटर तशीच ठेवली. मोटर पॅनेलपासून पाच-सहा मीटरवर आहे, त्यामुळे आउटपुट चोक (लांब केबल असेल तर ड्राइव्हच्या पुढे लावायची कॉइल) लागला नाही. खोल बोअरमधल्या सबमर्सिबलसाठी शंभर मीटर केबल असते तिथे तो खर्च धरायला हवा.

आता मुख्य मुद्दा, बिलाचा. विक्रेत्याने कमिटीसमोर सांगितलं, “वेग वीस टक्के कमी केला की वीज निम्मी लागते, चाळीस टक्के बचत तर नक्की.” गणित खोटं नाही. पंपाचा वेग कमी केला की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, दाब वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ०.८ चा घन ०.५१, म्हणजे निम्मीच. पण हे जसंच्या तसं लागू पडतं ते पाणी गोल फिरवायचं असेल तिथे, मोठ्या एसी प्लांटच्या पाइपात किंवा सपाट जमिनीवरच्या लांब लाइनवर, जिथे पंपाची सगळी ताकद पाइपातल्या घर्षणाशी झगडण्यात जाते. आमच्याकडे पाणी उंच चढवायचं आहे. पर्वती हळू चढा नाहीतर भरभर चढा, पायऱ्या तेवढ्याच.

आकडेच देते. आमच्या पंपाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून ५० हर्ट्झवर जो जास्तीत जास्त दाब मिळतो तो साधारण बेचाळीस मीटरचा. वरच्या टाकीत पाणी पडायला किमान अठ्ठावीस मीटर चढावं लागतं. ४० हर्ट्झवर, म्हणजे त्या ऐंशी टक्क्यांवर, बेचाळीसचे होतात सत्तावीसच्याही आत. म्हणजे विक्रेत्याने ज्या वेगावर निम्मी वीज वाचवून दाखवली, त्या वेगावर आमच्या वरच्या टाकीत एक थेंबही पडत नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. पॅनेल बसवलं त्या दिवशी तंत्रज्ञ मुलाने किमान फ्रिक्वेन्सी ३० वर ठेवली होती. पंप सुरू केला, खालची टाकी अर्धी होती, ड्राइव्ह ३५ वर येऊन थांबला. पंपाचा आवाज अगदी मंजुळ. तो खूश, कमिटीही खूश. मी पंप आणि एनआरव्ही यांच्यामधल्या प्रेशर गेजकडे बघत होते. काटा दोन किलोच्या खाली (एक किलो म्हणजे साधारण दहा मीटरची चढण). वर पाणी चढायचं तर तिथे पावणेतीन तरी हवं. मी त्याला म्हटलं, “अरे, जरा पंपाच्या केसिंगला हात लाव.” त्याने लावला आणि लगेच काढून घेतला. पंप फिरत होता, एनआरव्ही बंदच होता, आतलं पाणी तिथल्या तिथे घुसळून तापत होतं. आणखी अर्धा तास तसंच चालू दिलं असतं तर मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याजवळून पाणी गळू न देणारं) गेलं असतं. मग आम्ही दोघांनी मिळून एकेक हर्ट्झ वाढवत नेलं. वरच्या टाकीवर प्लंबर उभा होता, त्याच्याशी फोन चालू. ४१ ला काही नाही. ४२ ला तो म्हणाला, “मॅडम, आलं, पण बारीक.” ४३ ला चांगली धार. टाकी किती मिनिटांत किती सेंटिमीटर चढते ते मोजून हिशोब केला, तर ४३ ला मिनिटाला साधारण दीडशे लिटर आणि ५० ला साडेतीनशेच्या पुढे.

आमच्या पंपाचा कामाचा पट्टा एवढाच : ४३ ते ५०. फक्त सात हर्ट्झ. ऐकायला कमी वाटतं, पण या सात हर्ट्झमध्ये पाणी दीडशेपासून साडेतीनशेपर्यंत, दुपटीहून जास्त बदलतं. नळातून येणारं पाणीही नेमकं त्याच दरम्यान असतं. म्हणून आमच्याकडे ही पद्धत इतकी चपखल बसली. प्रत्येक इमारतीचा हा पट्टा वेगळा असणार. तो उंचीवर आणि पंपाच्या कर्व्हवर (किती उंचीला किती पाणी देतो याच्या आलेखावर) ठरतो, ऑफिसात बसून ठरत नाही. पॅनेलवाल्याने किमान फ्रिक्वेन्सी तुमच्या गच्चीवर माणूस उभा करून ठरवली नसेल, तर काम पूर्ण झालेलं नाही असं समजा आणि शेवटचा हप्ता देऊ नका.

बिलाचं पुढे काय झालं तेही सांगते. पंपाला मी वेगळा सबमीटर लावून घेतला आहे. आधी हजार लिटर चढवायला ०.२ युनिटच्या आसपास लागायचं, आताही तेवढंच लागतं. हळू चालल्यामुळे घर्षण थोडं कमी होतं, पण पंपाची कार्यक्षमता त्या वेगाला थोडी उतरते आणि ड्राइव्ह स्वतः थोडी वीज खातो. मिळून बरोबरी. आमचा पंप महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट घेतो. समजा खरोखरच चाळीस टक्के वाचले असते, तरी ते महिन्याला चाळीस-पन्नास युनिट. त्यातून अठ्ठ्याहत्तर हजार कधी वसूल होणार? हा हिशोब प्रत्येक कमिटीने आपापल्या बिलावरून करून बघावा, पाच मिनिटं पुरतात.

मग मिळालं काय? पाणी येण्याच्या दिवशी पंप आता एकदाच सुरू होतो आणि अडीच-तीन तासांनी एकदाच थांबतो. मधल्या काळात खालच्या टाकीची पातळी पन्नास सेंटिमीटर ते एक मीटरच्या दरम्यान राहते. कधी भरून वाहत नाही, कधी तळ दिसत नाही. बॉलकॉक बंद होत नाही, त्यामुळे नळाला येईल तेवढं सगळं पाणी आम्हाला मिळतं. टँकर मागवणं या उन्हाळ्यात फारच कमी झालं, आणि एका टँकरला किती पैसे पडतात ते सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. प्रायमिंग एकदाही गेलेलं नाही. सुरू होताना करंट आठ अँपिअरच्या वर जात नाही, दिवे मिचकत नाहीत. थांबताना ड्राइव्ह वीस सेकंद घेऊन वेग उतरवतो, पाइपातलं पाणी हळूहळू मंदावतं आणि एनआरव्ही आपला आपण मिटतो. आजींना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “आज पाणी आलंच नाही का?” पाणी येऊन गेलेलं होतं.

आता वेग ठरवायची रीत. पॅनेलवाल्याने ड्राइव्हमधला पीआयडी (ठरवलेला आकडा धरून ठेवायला वेग आपोआप बदलणारं नियंत्रण) चालू केला होता : पातळी पंचाहत्तर सेंटिमीटरवर धरून ठेव, असा हुकूम. त्यात इंटिग्रलचा वेळ फार कमी ठेवलेला, म्हणजे फरक भरून काढायची फार घाई. परिणाम असा की पंप सतत वर-खाली हिंदकळायचा. पातळी जरा वाढली की ५० पर्यंत पळायचा, मग पाणी जास्त उपसलं जायचं, मग ४३ ला यायचा, पुन्हा पळायचा. आवाजावरूनच कळायचं. मी त्याला सांगितलं की इथे पीआयडीची गरजच नाही. आपल्याला पातळी नेमकी पंचाहत्तरवर कशाला हवी आहे? साठ असली काय आणि नव्वद असली काय, टाकी वाहू नये आणि कोरडी पडू नये एवढंच हवं. मग पीआयडी बंद केला आणि ट्रान्समीटरचा सिग्नल थेट वेगाला जोडला : पन्नास सेंटिमीटरला ४३ हर्ट्झ, एक मीटरला ५०, मधे सरळ रेषा. नळाचं पाणी वाढलं की पातळी चढते, पातळीबरोबर वेग चढतो, आणि येणारं व जाणारं पाणी जिथे सारखं होईल तिथे दोन्ही आपोआप स्थिरावतात. आमच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे चाळीस लिटर. नळ आणि पंप यांच्यात मिनिटाला चाळीस लिटरचा फरक पडला तरी पातळी मिनिटाला एकच सेंटिमीटर सरकते. इतक्या सावकाश चालणाऱ्या गोष्टीला घाईचं नियंत्रण द्यायचं कारण नाही. साध्या रेषेचा आणखी एक फायदा : ती वॉचमनकाकांनाही समजते. पॅनेलवर पातळी ऐंशी दिसली आणि वेग ४७ च्या आसपास असला की ठीक, हे त्यांना मी एकदाच सांगितलं. आता काही वेगळं दिसलं तर ते स्वतःहून येऊन सांगतात.

पातळी चाळीसच्या खाली गेली की पंप झोपतो आणि सत्तरला पोचली की उठतो. नळाचं पाणी बंद झालं की तो असाच शेवटचा थांबतो. वरच्या टाकीला साधा फ्लोट स्विच आहे, तो भरल्यावर पंप थांबवतो. खालच्या टाकीतही तळाजवळ एक फ्लोट मी हट्टाने ठेवायला लावला. तो ड्राइव्हच्या हिशोबाशी काही संबंध न ठेवता थेट कंट्रोल सर्किट तोडतो. सेन्सरने काहीही आकडा सांगितला तरी पंप कोरडा चालता कामा नये. या दोनशे-तीनशे रुपयांच्या फ्लोटवर काटकसर करू नका.

सेन्सरबद्दल थोडं. सुरुवातीला त्यांनी अल्ट्रासॉनिक दिला होता, झाकणाला वरून लावायचा, पाण्याला न शिवणारा. उघड्या मोठ्या टाकीला तो चांगलाच. आमच्या लहान बंद टाकीत पहाटे त्याच्या तोंडावर दव साचायचं, आणि नळाची धार त्याच्या समोरूनच पडायची, त्यामुळे आकडा उड्या मारायचा. शिवाय त्याच्या तोंडापासून पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचं त्याला दिसतच नाही, सव्वा मीटरच्या टाकीत एवढी जागा सोडणं परवडत नाही. शेवटी तो बदलून पाण्यात सोडायचा हायड्रोस्टॅटिक ट्रान्समीटर घेतला. हा वरच्या पाण्याचा दाब मोजतो आणि दोनच तारांवरून ४ ते २० मिलीअँपिअरचा सिग्नल देतो. शून्य पातळीला शून्य नाही, ४ मिलीअँपिअर, यातच शहाणपण आहे : तार तुटली तर करंट ४ च्या खाली जातो आणि ड्राइव्हला कळतं की टाकी रिकामी नाही, तार गेली आहे. आयटीआयतल्या माझ्या मुलांना मी हे फळ्यावर शिकवत होते, तेव्हा हसत-खेळत ऐकायचे. इथे उंदराने तार कुरतडली तेव्हा ड्राइव्हने बरोबर फॉल्ट दाखवला आणि पंप थांबवला.

हा ट्रान्समीटर आम्ही दोन इंची पीव्हीसी पाइपाला खाली भोकं पाडून त्यात सोडला आहे, म्हणजे नळाच्या धारेची खळबळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. तळापासून दहा सेंटिमीटर वर टांगला आहे, गाळात रुतू नये म्हणून. त्याच्या केबलमध्ये तारांबरोबर एक बारीक हवेची नळी असते. बाहेरच्या हवेचा दाब वजा करायला ती लागते. त्या मुलाने केबलचं टोक पाणी जाऊ नये म्हणून इन्सुलेशन टेप गुंडाळून घट्ट बंद केलं होतं. हेतू चांगला, पण नळी बंद झाली की हवामान बदलल्याबरोबर पातळी चुकायला लागते. टोक मोकळं, पण कोरड्या जंक्शन बॉक्समध्ये असायला हवं. सिग्नलची केबल शिल्डची (तारांभोवती धातूचं आवरण असलेली) आणि मोटरच्या केबलपासून वेगळ्या पाइपातून घ्या, शिल्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करा. एकाच पाइपातून दोन्ही नेल्या तर ड्राइव्ह चालू झाल्याबरोबर आकडा थरथरायला लागतो.

पंपरूम म्हणजे दमट, अंधारी जागा. ड्राइव्हला तीन गोष्टी आवडत नाहीत : ओल, उष्णता आणि जीवजंतू. आत शिरलेली एक पाल उड्या मारत टर्मिनलवर पडली की पंचवीस हजारांचा ड्राइव्ह जातो. म्हणून केबल आत येते तिथे प्रत्येक ठिकाणी ग्लँड (केबलभोवतीची फट बंद करणारे) बसवून घेतले, पंख्याच्या जाळीला आतून फिल्टर लावला, पॅनेल जमिनीपासून चार फूट उंच बसवलं. फिल्टर धुणं काकांच्या महिन्याच्या कामात घातलं आहे. पावसाळ्यात वीज पडून सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक उसळा, येतो, त्यासाठी सर्ज अरेस्टर आणि चांगलं अर्थिंग दोन्ही हवं. अर्थिंगचा खड्डा नुसता कागदावर नको, मोजून घ्या.

आणि बायपास. याशिवाय पॅनेल घेऊच नका. ड्राइव्ह इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, कधीतरी बंद पडणारच, आणि ती बहुतेक पाणी येण्याच्या पहाटेच पडते. आमच्या पॅनेलवर एक सिलेक्टर स्विच आहे : एका बाजूला ड्राइव्ह, दुसऱ्या बाजूला जुना डीओएल स्टार्टर. दोन्ही एका वेळी चालू होऊच शकणार नाहीत असं त्यांचं मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल इंटरलॉकिंग आहे. लाइनची वीज ड्राइव्हच्या आउटपुटला भिडली तर ड्राइव्ह जागच्या जागी जळतो, त्यामुळे हे इंटरलॉकिंग मी समोर उभं राहून दहा प्रकारे तपासून घेतलं. पावसाळ्यात एकदा एक फेज गेली, ड्राइव्ह ट्रिप झाला, मोटर वाचली. फेज परत आल्यावर काकांनी रिसेट केला आणि पंप चालू. मला फोन नंतर केला.

पॅनेलवाल्याच्या सेवेबद्दल : काम स्वच्छ आहे, वायरिंगला नंबर फेरूल (तारांवरच्या नंबरांच्या खुणा) नीट लावलेत, ड्रॉइंग दिलं. बोलावलं की माणूस येतो, दुसऱ्या दिवशी का होईना. सेन्सर बदलताना फरकाचे पैसे सोडून जादा काही घेतलं नाही, हे मला फार आवडलं. पण त्यांनी सेटिंग इमारत बघून नाही, मागच्या कामातून उचलून केलं होतं, आणि बचतीचा आकडा कुठलंही मोजमाप न करता सांगितला. हे दोन दोष लहान नाहीत. आमच्याकडे गेजकडे बघणारं कुणी होतं. ज्या सोसायटीत तसं कुणी नाही तिथे पंप तापून सील गेलं असतं आणि “पंपच जुना होता” असं सांगून नवा पंप विकला गेला असता.

कुणी घेऊ नये तेही लिहिते. खालची टाकी मोठी असेल, दहा-पंधरा हजार लिटर किंवा जास्त, तर तीन-चार हजारांचं साधं लेव्हल कंट्रोलर आणि चार फ्लोट पुरेत. पंप तासाभरातून एकदा चालू होईल, मोटरला त्यात काहीही त्रास नाही. फक्त एनआरव्ही आदळतो म्हणून तक्रार असेल तर आधी स्प्रिंगचा, न आदळणारा एनआरव्ही लावून बघा, किंवा सॉफ्ट स्टार्टर घ्या, त्यात हळू थांबायची सोय असते आणि तो ड्राइव्हपेक्षा स्वस्त पडतो. पातळीवर वेग बदलायची खरी गरज तिथे, जिथे साठवायला जागा कमी, येणारं पाणी कमी-जास्त आणि ते एकसारखं पुढे ढकलायचं आहे. लहान टाकी असलेल्या जुन्या इमारती, सांडपाण्याच्या प्रकल्पातली पहिली टाकी, कारखान्यातलं प्रोसेसचं पाणी. सांडपाण्याला तर ही पद्धत फारच चांगली, कारण पुढच्या टाकीला एकदम लोंढा गेलेला चालत नाही.

ऑर्डर देताना या गोष्टी लेखी घ्या : किमान फ्रिक्वेन्सी जागेवर मोजून ठरवणार, बायपास इंटरलॉकसह देणार, ट्रान्समीटर टाकीला जुळला नाही तर बदलून देणार, आणि काम संपल्यावर ड्राइव्हच्या सगळ्या पॅरामीटरची यादी पासवर्डसकट सोसायटीच्या ताब्यात देणार. शेवटच्या मुद्द्याला ते कुरकुरतात, कारण पासवर्ड त्यांच्याकडे असला की तुम्हाला दर वेळी त्यांनाच बोलवावं लागतं. पैसे सोसायटीचे आहेत, ड्राइव्ह सोसायटीचा आहे, पासवर्डही सोसायटीचाच. आमची यादी प्लॅस्टिकच्या कव्हरात पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, एक प्रत सेक्रेटरींच्या फाइलला. ज्यांना आपल्या इमारतीसाठी बघायची असेल त्यांनी पाणी येण्याच्या दिवशी पहाटे यावं, पंप चालू असताना गेज, पातळी आणि हर्ट्झ हे तिन्ही आकडे एकत्र दाखवते.